रनऑफ गुणांक

पडलेल्या पावसातला जो भाग जमिनीत मुरत नाही, खळग्यात साचत नाही आणि सरळ वाहत गटाराकडे येतो त्याचं प्रमाण सांगणारा ० ते १ मधला आकडा म्हणजे रनऑफ गुणांक, काही जुन्या पुस्तकांत अपवाह गुणांक. पावसाळी गटारं आणि छोटे नाले किती मोठे ठेवायचे हे ठरवताना तो रॅशनल पद्धतीत वापरतात : गुणांक × पावसाची तीव्रता (मिमी प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर), या सगळ्याला ३६० ने भागलं की कमाल प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात मिळतो.

ही पद्धत नेमकी कोणाची यावर बराच वाद आहे. अमेरिकन पुस्तकं साधारणपणे एमिल क्विकलिंग यांचं नाव घेतात, त्यांनी रॉचेस्टर शहरातल्या गटारांचा प्रवाह आणि पाऊस यांची सांगड घालून १८८९ मध्ये निबंध छापला. ब्रिटनमध्ये हीच पद्धत लॉइड-डेव्हिस यांच्या नावाने चालते, त्यांचा निबंध १९०६ चा. पण आयर्लंडचे इंजिनिअर मुलवनी (स्पेलिंग दोन तऱ्हांनी सापडतं) यांनी १८५० च्या सुमारास, बहुतेक ठिकाणी १८५१ हे साल देतात, शेतजमिनीचा निचरा करताना मूळ मुद्दा मांडला होता, की पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या टोकाचं पाणी तोंडाशी पोचेपर्यंत पाऊस टिकला तरच पूर्ण क्षेत्र एकाच वेळी हातभार लावतं आणि प्रवाह कमाल होतो. या वेळेलाच पुढे संकेंद्रण काळ म्हणायला लागले. आयरिश जलशास्त्रज्ञ जेम्स डूज यांनी १९५७ मध्ये मुलवनींच्या बाजूने कौल दिला आणि कागदपत्रं पाहता तोच जास्त पटतो, मात्र शहरी पृष्ठभागाचा हिशोब क्विकलिंग यांच्याकडूनच आला हेही खरं. त्यांना असं दिसलं की गटारात येणाऱ्या पाण्याचं प्रमाण आणि पाणी न मुरणाऱ्या क्षेत्राची टक्केवारी जवळपास सारखी येते. लॉइड-डेव्हिस तर सरळ पक्क्या भागाचं सगळं पाणी धरायचे आणि कच्च्याचं शून्य.

तक्त्यांमध्ये नेहमी दिसणारे आकडे असे : छप्पर ०.७५ ते ०.९५, डांबरी किंवा काँक्रीट रस्ता ०.७० ते ०.९५, विटांची फरसबंदी ०.७० ते ०.८५, वाळूसर सपाट जमिनीवरची हिरवळ ०.०५ ते ०.१०, आणि तीच हिरवळ चिकट मातीच्या ७ टक्क्यांहून जास्त उतारावर असली तर ०.२५ ते ०.३५. म्हणजे गवत तेच असूनही खालची माती आणि उतार बदलला की आकडा तीन-चार पट होतो. हे आकडे साधारण २ ते १० वर्षांत एकदा येणाऱ्या पावसासाठी आहेत, तरी लोक तेच तसेच उचलून १०० वर्षांच्या पावसाला लावतात. त्यासाठी काही मॅन्युअल १.२५ ने वाढवायला सांगतात (गुणांक १ च्या वर न्यायचा नाही), कारण माती एकदा भिजून तृप्त झाली की मुरण्याचा वाटा कमी होत जातो. थोडक्यात हा गुणांक नुसता पृष्ठभागाचा गुणधर्म नाही, त्यात पाऊस किती जोराचा आणि आधी किती पडला हेही येतं, आणि तक्ता वाचताना नेमकं तेच निसटतं.

मिश्र क्षेत्राला भारित सरासरी काढतात. समजा २ हेक्टरचा प्लॉट आहे, त्यात ०.६ हेक्टर छप्पर (०.९), ०.४ हेक्टर डांबर (०.८५) आणि १ हेक्टर हिरवळ (०.२), तर सरासरी ०.५४ येते. संकेंद्रण काळ २५ मिनिटं आणि त्याला ६० मिमी प्रति तास तीव्रता धरली तर प्रवाह ०.१८ घनमीटर प्रति सेकंद. पूर्वी सगळी हिरवळच असती तर याच तीव्रतेला ०.०७ च्या आत राहिला असता. आता गंमत अशी की नुसत्या पक्क्या १ हेक्टरचं पाणी १० मिनिटांत पोचतं, १० मिनिटांच्या पावसाची तीव्रता जास्त असते, ती ९० धरा, तर त्या अर्ध्या प्लॉटचाच प्रवाह ०.२२ येतो, पूर्ण प्लॉटपेक्षा जास्त! म्हणून पक्का भाग वेगळा काढून दोन्ही हिशोब करायचे आणि मोठा आकडा घ्यायचा, नुसत्या सरासरीवर पाइप ठरवला तर तो लहान पडतो.

संकेंद्रण काळासाठी किरपिच यांचं १९४० चं सूत्र अजून जोरात वापरात आहे, पण ते टेनेसीतल्या लहान शेती पाणलोटांवरून काढलेलं, त्यामुळे शहरी रस्त्यांना लावताना दुरुस्ती करतात. बरीच मॅन्युअल रॅशनल पद्धत ८० हेक्टरपर्यंतच ठेवा म्हणतात, काही त्याहून कमी.

प्रवाहाऐवजी पाण्याचं एकूण प्रमाण हवं असेल, तळं किंवा साठवण टाकी काढायची असेल, तर अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात आणलेला कर्व्ह नंबर वापरतात, म्हणजे माती आणि पृष्ठभागावरून ठरणारा १०० पर्यंतचा क्रमांक, तो जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहतं. ५० मिमी पावसात ९८ क्रमांकाच्या पक्क्या पृष्ठभागावरून साधारण ४४ मिमी वाहतं, बऱ्यापैकी मुरणाऱ्या मातीवरच्या दाट गवतावरून (६१) जेमतेम २. यात सुरुवातीचा तोटा (वाहायला लागण्याआधी मुरणारं आणि अडणारं पाणी) जमिनीच्या साठवण क्षमतेच्या ०.२ पट धरलाय, आणि त्यावरच जास्त टीका होते, कारण मूळ नोंदींतले अर्धेच बिंदू ०.०९५ ते ०.३८ या पट्ट्यात होते. अलीकडे बरेच अभ्यासक ०.०५ सुचवतात. ते घ्यायला हरकत नाही, फक्त मग जुने कर्व्ह नंबर तसेच चालत नाहीत, तेही बदलावे लागतात.

पाणी मुरणारे पेव्हर आणि हिरवी छपरं (माती टाकून झाडं लावलेली) यांना मात्र एक ठरावीक आकडा देता येत नाही, छिद्रं गाळाने भरली की पेव्हरचा गुणांक साध्या फरशीकडे सरकतो आणि छताच्या मातीची जाडी बदलली की सगळंच बदलतं. अशा ठिकाणी १९७१ पासून चालत आलेलं एसडब्ल्यूएमएम (पावसाळी पाण्याचा हिशोब करणारं संगणकी मॉडेल) सारखं मॉडेल बरं पडतं, त्यात मुरण्याचा वेग पावसाच्या दर टप्प्याला वेगळा काढता येतो.