मूकपटकालीन भव्यपटांचे ट्रेलर

आगामी चित्रपटातील निवडक दृश्ये व मजकुराच्या पाट्या जोडून केलेली, चित्रपटगृहातच दाखवायची जाहिरातफीत. अमेरिकेत हा प्रकार साधारणपणे १९१३ नंतर रूढ होत गेला.

पहिला ट्रेलर कोणता, याविषयी मतभेद आहेत. पॅरामाउंट या चित्रपटकंपनीचे एक अधिकारी लू हॅरिस यांनी १९६६ मध्ये सांगितलेल्या आठवणीनुसार, १९१२ साली न्यूयॉर्क राज्यातील राय बीच येथे ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ या मालिकापटाचा भाग संपल्यावर, नायिका सिंहांच्या तावडीतून सुटते का ते पुढच्या आठवड्यात पाहा, अशी पाटी पडद्यावर आली. परंतु सेलिग कंपनीची ही मालिका प्रदर्शित झाली ती १९१३ च्या डिसेंबरअखेर. तेव्हा हॅरिस यांनी दिलेले साल तरी स्वीकारता येत नाही. मार्कस लो यांच्या चित्रपटगृहांचे जाहिरातप्रमुख निल्स ग्रॅनलंड यांनी नोव्हेंबर १९१३ मध्ये ‘द प्लेझर सीकर्स’ या संगीतिकेच्या तालमींची फीत दाखवली होती. कालक्रमाने हा दावा अधिक ग्राह्य वाटतो; मात्र ती जाहिरात नाटकाची होती, चित्रपटाची नव्हे. १९१९-२० च्या सुमारास नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही संस्था निघाली आणि ट्रेलरनिर्मिती हा स्वतंत्र व्यवसाय झाला.

भव्यपट प्रथम मोठ्या शहरांतील निवडक नाट्यगृहांत, राखीव आसने व वाद्यवृंदासह, चढ्या दराने दाखवत. त्या टप्प्यात वृत्तपत्रे आणि भित्तिपत्रके यांवरच मुख्य भिस्त असे. उदा., ‘बेन-हर’ या अमेरिकन भव्यपटाचा पहिला खेळ न्यूयॉर्कला ३० डिसेंबर १९२५ रोजी झाला, सर्वसाधारण प्रदर्शन १९२७ मध्ये. नेहमीच्या दराच्या चित्रपटगृहांत पोचल्यावर ट्रेलरचा खरा उपयोग होई, असे मानावयास हरकत नाही. आवाज नसल्याने पाट्यांनाच बोलावे लागे : खर्च, जमाव, देखावे यांची बढाई आणि मधूनमधून गर्दीची दृश्ये.

भारतात आकड्यांची अशी बढाई छापील जाहिरातीत दिसते. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) जाहिरात ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि तिकीट अवघे तीन आणे, अशी केली गेली.

त्या काळी चित्रपटांसाठी वापरली जाणारी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही व नाशवंत असल्याने यांतील थोडेच ट्रेलर उरले. काही वेळा मूळ चित्रपट गेला आणि ट्रेलर राहिला : दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांचा झारकालीन ऐतिहासिक मूकपट ‘द पेट्रियट’ (१९२८) पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही, त्याचा ट्रेलर मात्र जतन झाला आहे.