हाऊसगल्ली
हाऊसगल्ली : मुंबईच्या जुन्या वस्त्यांत दोन इमारतींच्या पाठी एकमेकींसमोर येतात तिथे संडासांची सफाई आणि सांडपाण्याचा निचरा यांसाठी सोडलेला अरुंद बोळ. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात तिची व्याख्या आहे. गटार म्हणून वापरात असलेली, किंवा संडास, मुतारी व मैलाकुंडीपर्यंत सफाई करणाऱ्यांना पोचता यावे म्हणून राखलेली जागा, असा तिचा आशय. रहिवाशांच्या ये-जा करण्यासाठी ही वाट नव्हतीच. गिरगाव, भुलेश्वर, मांडवी या भागांत बऱ्याच ठिकाणी तिची रुंदी तीन-चार फुटांपलीकडे जात नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या बोळावर टोपलीच्या संडासांची सारी व्यवस्था अवलंबून होती. प्रत्येक मजल्यावरचे संडास एकाखाली एक बांधलेले असत. त्यांच्यामागून एक उभा धारा (मैला खाली पडण्याची बंदिस्त पोकळी) खाली येई आणि तळाशी डांबर फासलेली वेताची टोपली ठेवलेली असे. पालिकेचा हलालखोर (मैला उचलणारा सफाई कामगार) गल्लीतून येऊन झडप उचली, टोपली ओढून डब्यात रिकामी करी आणि डबा डोक्यावरून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत नेई. गाडी मैला-डेपोवर रिकामी होई व तिथे पाण्याच्या जोराने मैला भुयारी गटारात ढकलला जाई. या कामासाठी घरपट्टीबरोबर हलालखोर-पट्टी वसूल होई. कामगारांपैकी पुष्कळजण गुजरात-काठेवाडातून आलेले होते. काम जातीनेच ठरलेले होते, आणि पालिकेने तीच वाटणी आपल्या आस्थापनेत जशीच्या तशी उचलली.

टोपलीत घन मैला राही, पातळ भाग मात्र गळून फरशीवर येई, हा या पद्धतीचा मूळ दोष. वरच्या मजल्यांवरून पडणारा मैला धाऱ्याच्या भिंतींना लागे. त्या भिंती आतून धुण्याची सोय नसल्याने एक दिवस सफाई चुकली तरी दुर्गंधी जिन्यापर्यंत येई. लोखंडी डबा गळत नसल्याने टोपलीपेक्षा बरा, पण तो गंजे आणि भरल्यावर जडही होई.

गल्लीची फरशी दोन्ही भिंतींकडून मध्याकडे उतरती असावी लागे आणि मधली पन्हळ रस्त्याच्या गटाराकडे. मोरीचे पाणी पन्हळीत, पन्हळीतून जाळी व पाणकोंडी (गटाराचा वास अडवणारा पाणी भरलेला वाक) यांमार्गे गटारात, असा तिचा मार्ग. वरच्या मजल्यांच्या मोऱ्यांना पुरते नळ नसले, नुसतीच पन्हळ्यांची तोंडे असली, तर पाणी उंचावरून कोसळून भिंती ओल्या राहत. भांडी घासायची राख, नारळाच्या शेंड्या आणि चिंध्या जाळीवर अडकत. राख तर साचून दगडासारखी घट्ट होई आणि खरवडूनच काढावी लागे. फरशी एका जागी जरी खचली तरी तिथे डबके होऊन पाणी जोत्यात मुरे. शिवाय खिडकीतून केरकचरा टाकण्याची सवय होतीच. त्यामुळे गल्लीकडच्या खोल्यांच्या खिडक्या बहुधा बंदच, आणि वाऱ्याची दुसरी वाट नसलेल्या खोलीत दिवसाही दिवा.

दुरुस्ती कोणाची, यावरून कटकटी होत. गल्ली दोन घरमालकांच्या मध्ये, साफसफाई पालिकेची, फरशी मालकांची. आयुक्त नोटीस काढून फरसबंदी करायला लावू शकत, पण एकाने आपली बाजू केली आणि शेजाऱ्याने केली नाही, तर पाणी खचलेल्या बाजूलाच उतरे.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा संशय प्रथम घाणीवर आणि गटारांवर गेला. गल्ल्यांना चुना लावला गेला, कार्बोलिक हे जंतुनाशक ओतले गेले, गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली गेली. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हे पुढच्या दशकात परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने पक्के झाले. तोवरचा जंतुनाशकांवरचा खर्च बराचसा दिखाऊ ठरला. गल्लीचा संबंध होता तो वेगळ्याच बाजूने : उखडलेली फरशी आणि पोकळ जोती ही उंदरांची घरे होती.

1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रश्न प्रकाश-हवेच्या बाजूने घेतला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 63.5 अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला : खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये. हिशेब सोपा आहे : समोरची भिंत 50 फूट उंच असेल, तर मोकळी जागा निदान 25 फूट हवी. चार फुटांची हाऊसगल्ली या कसोटीवर कुठेच टिकत नव्हती. पण ती रुंद करायची तर बांधलेल्या खोल्या पाडाव्या लागत, म्हणून नियम नव्या वस्त्यांत उतरला आणि जुन्या गल्ल्या बहुतेक तशाच राहिल्या.

टोपली हटवायची तर संडासाला पाणी आणि दाराशी भुयारी गटार, दोन्ही हवे. 1892 पासून तानसा तलावाचे पाणी येऊ लागले, तरी गटारजोडणी भागाभागाने पुढे सरकली आणि टोपल्या व फ्लशचे संडास दीर्घकाळ शेजारी-शेजारी चालू राहिले. धाऱ्याच्या जागी मैलानळ आणि छपरावर नेलेला वायुनळ आला, पण दोन्ही बसवले गेले गल्लीच्याच भिंतीवर. नळ तुंबला की तो उघडायला आजही त्याच बोळात शिरावे लागते.