डीव्हीडीवरचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला की दर्जा उतरतोच का?

'डिस्कवरून फाइल बनवली की चित्र थोडं तरी खराब होतंच', असा समज फार जुना आहे. व्हीएचएस टेपच्या काळात ते खरंच होतं. प्रत्येक नकल मूळ टेपपेक्षा धूसर यायची. डीव्हीडीवर मात्र व्हिडिओ आधीपासूनच डिजिटल असतो.

डिस्कच्या 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरमध्ये व्हीओबी फाइली दिसतात, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या. व्हीओबी हे फक्त वेष्टन. आतलं चित्र सहसा एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं, म्हणजे कमी जागेत बसवलेलं असतं. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत प्रोग्रामला 'कोडेक कॉपी' (न उलगडता नकल कर) असं सांगितलं, तर तेच चित्र जसंच्या तसं एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या वेष्टनात जातं. दर्जा जातो तो चित्र उलगडून पुन्हा दाबल्यावर. गोम अशी, की फक्त दोन फाइलींची नावं दिली तर एफएफएमपेग आपणहून पुन्हा दाबतं. समज टिकून राहण्याचं हे एक मोठं कारण असावं, असं मला वाटतं.

स्वतः पडताळा. मूळ व्हीओबी आणि नवी एमकेव्ही, दोन्हींवर एफएफएमपेगमधलं 'फ्रेमएमडी५' चालवा; ते प्रत्येक फ्रेमचा ठसा, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून काढलेला एक लांब आकडा देतं. प्रत्येक फ्रेमसाठी एक ओळ येते. वेळेचे आकडे वेगळे असू शकतात. शेवटच्या रकान्यातले ठसे जुळवा. ते सारखे असतील, तर चित्रही तंतोतंत तेच.

उलट दिशेने, म्हणजे कॉम्प्युटरवरून डीव्हीडीवर नेताना, मात्र समज बहुतेक वेळा खरा ठरतो. पॅल (भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ पिक्सेलचं मावतं, तेही एमपेग-२ किंवा एमपेग-१ मध्येच. त्यामुळे एच.२६४ या नव्या पद्धतीने दाबलेली एचडी फाइल अशा डिस्कवर नेताना ती पुन्हा दाबावीच लागते. मूळ फाइल पुसू नका.