आरा (चिरकामाची मोठी करवत)

ओंडका किंवा तुळई तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, चिरून फळ्या काढण्याची मोठ्या पात्याची हातकरवत. आडव्या कापाच्या करवतीपासून ती दात्यांच्या घडणीने वेगळी ठरते. आडव्या कापाचे दाते आलटून-पालटून तिरके कानसलेले असतात आणि सुरीच्या टोकासारखे तंतू तोडतात. चिरकामाचा दाता पात्याला काटकोनात कानसलेला असतो. त्याची धार लहान पटाशीसारखी आडवी असते व ती तंतूंची टोके छाटत भुसा पुढे उचलते. सुताराच्या रोजच्या हातकरवतीचा विचार येथे केलेला नाही.

व्युत्पत्ती : ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून प्राकृतातून आला, याबद्दल फारसा मतभेद नाही. सुश्रुतसंहितेतील शस्त्रांच्या यादीत करपत्राचा समावेश असून तेथे ते हाडे कापण्याचे साधन आहे. ‘आरा’ या शब्दाचे मूळ मात्र वादाचे आहे. संस्कृतात ‘आरा’ म्हणजे चामडे टोचण्याची आरी. मोठ्या करवतीचा अर्थ त्यात सहज सापडत नाही. फार्सीत ‘अर्रा’ म्हणजे करवतच. त्यामुळे मोठ्या करवतीसाठीचा शब्द फार्सीतून आला व रूपसाम्यामुळे जुन्या शब्दात मिसळला, ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. करवतीसाठी संस्कृतात ‘क्रकच’ असा आणखी एक शब्द आहे आणि चिरकामाच्या इतिहासात त्याला विशेष महत्त्व आहे.

भारतीय गणितग्रंथांत ‘क्रकचव्यवहार’ हे स्वतंत्र प्रकरण आढळते. ब्रह्मगुप्त (इ. स. ६२८) व महावीर (९ वे शतक) यांच्या ग्रंथांत ते आहे, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) त्याची रीत नेमकी दिली आहे. लाकडाच्या बुंध्याकडील व शेंड्याकडील जाडीची सरासरी घ्यावी, तिला लांबीने व चिरांच्या संख्येने गुणावे आणि अंगुळांतील गुणाकाराला ५७६ ने भागावे. म्हणजे चिरलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ चौरस हातांत मिळते. एक हात २४ अंगुळांचा, म्हणून २४ चा वर्ग ५७६. ग्रंथातील उदाहरणात बुंधा २० अंगुळे, शेंडा १६, लांबी १०० आणि चिरा ४ आहेत. उत्तर साडेबारा चौरस हात येते. आडव्या कापाचा हिशेब भास्कराचार्य वेगळा करतात. मोल कारागिरांशी ठरवून आणि लाकडाच्या मऊ-कठीणपणावरून द्यावे, असेही सांगतात. चिरकाम आणि आडवा काप ही दोन वेगळी कामे मानली जात व चिरकामाची मोजणी चिरलेल्या पृष्ठावर होई, हे यावरून स्पष्ट दिसते. करवत प्रत्यक्षात कशी होती, यावर या प्रकरणांतून प्रकाश पडत नाही.

इतिहास : लांब, पातळ पाते खोल चिरेत सरळ कसे ठेवायचे, हा मोठ्या करवतीपुढचा मूळ प्रश्न आहे. ढकलताना पातळ पाते वाकते, ओढताना ते आपोआप ताणले जाते. तांब्याच्या पात्याला ढकल मुळीच सोसत नाही. त्यामुळे प्राचीन ईजिप्तमधील करवती ओढून चालवल्या जात, असे सर्वसाधारणपणे मानतात. सक्कारा येथील पहिल्या राजवंशाच्या काळातील थडग्यात तांब्याच्या करवती मिळाल्या आहेत. थीब्झ येथील रेखमिरेच्या थडग्यातील चित्रांत (इ. स. पू. १५ वे शतक) उभ्या खांबाला बांधलेले लाकूड वरून खाली चिरणारा कारागीर दिसतो. क्रीट बेटावर मिनोअन काळातील काशाच्या दीड मीटरच्या आसपास लांबीच्या करवती सापडल्या आहेत. त्या दोन माणसांनी चालवण्याच्या असाव्यात. लाकडासाठी होत्या की दगडासाठीही, यावर एकमत नाही.

दाते आलटून-पालटून डावी-उजवीकडे वाकवण्याची युक्ती (सेट) कोठे व केव्हा सुरू झाली, हा या विषयातील सर्वांत चर्चिलेला प्रश्न आहे. दाते वाकवले की चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद होते; पाते अडकत नाही आणि भुशाला वाट मिळते. ईजिप्तमधील बहुतेक नमुन्यांत दाते पद्धतशीर वाकवलेले आढळत नाहीत. सिंधू संस्कृतीच्या करवतीचे दाते नागमोडी असून त्यांतून भुसा मोकळा बाहेर पडे, असे इतिहासकार ए. एल. बॅशम यांनी म्हटले आहे आणि पुढील लेखकांनी हे विधान अनेकदा उचलले आहे. परंतु हजारो वर्षे जमिनीत राहिलेल्या, गंजलेल्या पात्याच्या कडेचे वाकणे हेतुपूर्वक होते असे म्हणताना सावध राहिले पाहिजे. या शोधाचे श्रेय पुष्कळदा रोमनांना दिले जाते. त्याला आधार रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या (इ. स. १ ले शतक) निसर्गेतिहासातील उताऱ्याचा : ओले लाकूड दात्यांमध्ये भुसा भरून करवत बोथट करते, म्हणून दाते आळीपाळीने वाकवतात. हेच निरीक्षण, जवळजवळ याच कारणासह, ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रॅस्टस याच्या वनस्पतींवरील ग्रंथात जवळजवळ चार शतके आधी येते. प्लिनीने थिओफ्रॅस्टसचा भरपूर उपयोग केल्याचे सर्वज्ञात आहे. तेव्हा निःसंदिग्ध लेखी पुराव्यापुरते बोलायचे, तर इ. स. पू. ४ थ्या शतकाच्या उत्तरार्धातील ग्रीक जगात ही पद्धत रूढ होती, एवढे म्हणणे सुरक्षित ठरेल. ग्रीक पुराणकथा करवतीच्या शोधाचे श्रेय डीडॅलस या कुशल कारागिराच्या भाच्याला देतात. माशाचा कणा किंवा सापाचा जबडा पाहून त्याला ती सुचली. या कथांना ऐतिहासिक मूल्य नाही.

रोमन काळात चौकटीच्या करवतीचा प्रसार झाला. लाकडी चौकटीच्या मधोमध अरुंद पाते ताणून बसवल्यामुळे थोड्या लोखंडात लांब करवत तयार होई. जपानमध्ये ओंडके पाचरी व पटाशीने फोडून तासण्याची पद्धत दीर्घकाळ होती. दोघांनी ओढण्याची चौकटीची करवत (ओगा) मुरोमाची काळात, बहुधा १४ व्या–१५ व्या शतकांत, आशियाच्या मुख्य भूमीवरून तेथे आली. सरळ न फाटणाऱ्या लाकडातूनही फळ्या काढणे तिच्यामुळे शक्य झाले. पुढे १६ व्या शतकाच्या सुमारास एका माणसाने ओढण्याची रुंद पात्याची ‘माएबिकी’ प्रचारात आली. तिने पाते सरळ ठेवण्याचा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. पाते लांब नाही, पण फूटभर किंवा त्याहून रुंद आहे; त्यामुळे खोल चिरेत पात्याची रुंदीच त्याला दिशा देते. जपानी चित्रकार होकुसाई याच्या फुजी पर्वतावरील चित्रमालेतील तोतोमी प्रांताच्या चित्रात (सुमारे १८३०) तिरप्या टेकवलेल्या प्रचंड तुळईच्या वर आणि खाली ही करवत ओढणारे कामगार दिसतात.

यूरोपात खड्ड्यावरचा मोकळ्या पात्याचा आरा (ओंडका खड्ड्यावर ठेवून एकाने वरून व दुसऱ्याने खड्ड्यातून चालवण्याचा) चौकटीच्या करवतीबरोबरच वापरात होता. पाते दीड ते अडीच मीटर लांब, वर रुंद व खाली निमुळते. वरची मूठ पक्की आणि खालची काढता येणारी असे, कारण चिरेतून पाते बाहेर घेण्यासाठी ती सोडवावी लागे.

घडण : पूर्वी पाते ठोकून पातळ करीत, त्यामुळे जाडी सारखी नसे. शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात मुशीतील पोलाद सिद्ध केल्यावर एकजीव पोलादाचे, लाटलेल्या पत्र्याचे पाते शक्य झाले. पाते तापवून तेलात विझवतात व पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. कानस चालेल इतके मऊ आणि धार टिकेल इतके कठीण, असा मध्य साधावा लागतो; कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर तो ५० च्या आसपास येतो. आज हाताने करवत करणारे बहुधा असे तयार पट्टी-पोलादच घेतात.

मोकळ्या पात्याचे खरे कसब ऐरणीवर आहे. पात्याचा मधला भाग हातोडीने ठोकून किंचित पसरवला की दोन्ही कडा ताणात येतात आणि दात्यांची कड ताठ राहते. ठोके कमी पडले तर कड लुळी राहते, जास्त पडले तर पाते ताटलीसारखे फुगते. ही परीक्षा डोळ्याने व हाताने पाते वाकवून करतात. तिला मापाची पट्टी नाही. चौकटीच्या करवतीत हे काम स्क्रू किंवा पाचरीने दिलेला ताण करतो, म्हणून नवशिक्याने चौकटीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

दात्यांमधील अंतर कापाच्या खोलीवर ठरते. भुसा घन लाकडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि दाता चिरेतून बाहेर पडेपर्यंत तो पुढच्या खाचेत साठवावा लागतो. खाच आधीच भरली तर दाता कापत नाही, नुसता घासतो. म्हणून चौकटीच्या करवतीत ६ ते ८ मिमी., तर खड्ड्यावरच्या आऱ्यात १२ मिमी. किंवा अधिक अंतर ठेवतात. दात्याची पुढची कड जवळजवळ उभी असते. कठीण लाकडासाठी ती थोडी मागे झुकवतात. कागदावर आखलेली पट्टी पात्याला चिकटवून तिधारी कानशीने खाचा पाडणे, सपाट कानस सर्व टोकांवरून फिरवून उंची एक करणे, दाते वाकवणे आणि शेवटी धार लावणे, असा क्रम आहे. दाता बुडापासून वाकवू नये. वरचा तिसरा ते अर्धा भागच वाकवावा, नाहीतर तो मोडतो. ओल्या लाकडाला वाकवणे अधिक लागते, सुक्याला कमी. एका बाजूचे दाते जास्त वाकले तर करवत त्याच बाजूला सरकते; त्या बाजूवरून सहाणेचा दगड हलका फिरवणे हा उपाय.

वापर : ओंडक्याच्या दोन्ही टोकांवर ओळंब्याने उभ्या रेषा आखतात व त्या रंगीत सुताने वरच्या आणि खालच्या पृष्ठावर जोडतात. वरचा माणूस रेषा सांभाळतो व करवत उचलतो, खालचा ओढतो. काप फक्त खाली येताना होतो. या कामात वरच्याचे कौशल्य मोलाचे मानले गेले आणि करवतीची धारही बहुधा तोच लावी. खालच्याच्या वाट्याला भुसा व श्रम येत; तो खालची रेषा पाहत असे, हे मात्र अनेक वर्णनांत सुटून जाते. ओंडक्याच्या सर्व चिरा आधारापर्यंत एकामागून एक आणून मग ओंडका सरकवतात. चीर मिटू लागली तर पाचर ठोकतात.

पाण्यावर चालणाऱ्या करवतीचे रेखाटन व्हिलार द ऑनकूर याच्या १३ व्या शतकातील वहीत आहे. तरीही हाताचे चिरकाम पुढे कित्येक शतके टिकले. लंडनमधील लाइमहाउस येथील नवी करवत-गिरणी १७६८ मध्ये लाकूड चिरणाऱ्या कामगारांच्या जमावाने मोडून टाकली. १९ व्या शतकात वाफेवरील गोल व पट्टा करवतींनी हे काम घेतले. वाकड्या ओंडक्यातून नावेची लाकडे काढणे आणि रुंद फळी मधोमध चिरून जोडीच्या दोन पातळ फळ्या करणे, या कामांसाठी चौकटीची करवत आजही काही कारागीर स्वतः घडवतात.