हातोडा

हातोडा : दांड्याच्या टोकाला जड डोके बसवून केलेले, घाव घालण्याचे हत्यार. लहान असेल तर हातोडी, दोन्ही हातांनी उचलावा लागत असेल तर घण, लाकडी असेल तर मोगरी आणि दगड फोडणाऱ्या वडारांच्या हाती असेल तर सुतकी. इंग्रजीतला ‘हॅमर’ हा शब्द यांतल्या बहुतेकांना पोटात घेतो. तरीही लाकडी किंवा रबरी डोक्याचा तो मॅलेट, घण तो स्लेज हॅमर आणि लिलावात किंवा सभेत टेबलावर आपटायचा तो गॅव्हल, असे भेद तिथेही आहेत. ही नावे सहसा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. घाव कशावर घालायचा त्यावर डोक्याचे वजन, पदार्थ आणि आकार ठरतो, आणि त्याबरोबर नावही.

हात डोक्याला वेग देतो. खिळ्याच्या माथ्यावर डोके थांबते तेव्हा त्या गतीतली ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते. थांबण्याचे अंतर काही मिलिमीटरच असल्यामुळे तिथे निर्माण होणारे बल हाताने नुसते दाबून मिळणाऱ्या बलाच्या कितीतरी पट असते. डोक्याचे वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून दांडा लांब असतो आणि तो टोकाशी धरायचा असतो. नवशिके डोक्याजवळ धरतात, त्याने नेम साधल्यासारखा वाटतो पण घावातला जोर जातो.

डोके पोलादाचे असते. त्याचा ठोकण्याचा पृष्ठभाग पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कडक केलेला असतो, म्हणून एका हातोड्याने दुसऱ्या हातोड्यावर कधीही मारू नये. कडक कपचा उडून डोळ्याला इजा होते. दांडा चिवट लाकडाचा लागतो. आपल्याकडे बाभळीचा चांगला मानतात. डोक्याचे भोक वरच्या बाजूला किंचित रुंद असते. दांडा खालून घालून वरून पाचर ठोकली की लाकूड फाकते आणि डोके निसटत नाही. सैल झालेला दांडा पाण्यात भिजवण्याची सवय मात्र वाईट. लाकूड फुगून तात्पुरते घट्ट होते, वाळल्यावर आधीपेक्षा सैल होते. खरा उपाय नवी पाचर हाच.

दांडा ही उशिराची भर आहे. केनियातील लोमेक्वी येथे सापडलेली सुमारे 33 लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे दगडावर दगड आपटून केलेली आहेत. मुठीत धरलेला तो दगड हाच पहिला हातोडा. जुन्या नॉर्स भाषेत ‘हमार’ म्हणजे हातोडा आणि खडकाळ कडाही. या शब्दाचे नाते संस्कृत ‘अश्मन्’ म्हणजे दगड याच्याशी असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

घावातले खरे कौशल्य पाहायचे तर पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीकडे वळावे. तांब्याच्या पत्र्याचे भांडे आकाराला आले की त्यावर मठारकाम होते. पोलादी आधारावर भांडे फिरवत शेजारी शेजारी, सारख्या जोराचे घाव घालत जातात आणि प्रत्येक घावाचा एक चकचकीत पैलू उमटतो. ही नुसती नक्षी नाही. थंड तांबे ठोकले की त्याच्या स्फटिकरचनेत ताण साचतो आणि धातू कडक होतो. मठारलेले भांडे म्हणूनच सहज चेपत नाही. आकार देताना मात्र हाच कडकपणा आड येतो. अति ठोकलेला पत्रा तडकतो, म्हणून तो मधूनमधून भट्टीत तापवून मऊ करावा लागतो. मठारण्याच्या हातोडीचे तोंड आरशासारखे घासलेले असते, कारण त्यावरचा एखादा ओरखडाही प्रत्येक घावागणिक तांब्यावर उमटेल. यंत्राने खळगे पाडलेली भांडी आज बाजारात भरपूर मिळतात. हातकामात पैलूंची ओळ भांड्याच्या वळणाबरोबर वळते, त्यावरून फरक ओळखता येतो.

लोहाराकडे काम दोघांचे. एक जण सांडशीने लाल लोखंड ऐरणीवर धरतो आणि हातोडीने जागा दाखवतो, दुसरा तिथेच घण घालतो. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी समाजात हा घण बहुधा बाई उचलते. घण झेपण्याचा प्रश्न ताकदीइतकाच लयीचा आहे. लोखंड निवायच्या आत घाव पडले पाहिजेत. पाथरवटाचा हातोडा दगडाऐवजी टाकीवर, म्हणजे दगड घडवण्याच्या छिन्नीवर पडतो. सुतार पटाशीच्या, म्हणजे लाकूड तासण्याच्या छिन्नीच्या, लाकडी मुठीवर लोखंड मारत नाही, त्याने मूठ चिरते. तिथे मोगरी लागते. तबला मिळवणारी हातोडी सर्वांत नाजूक कामाची. गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कातड्याच्या कडेच्या वेणीवर, वरून ठोकले की सूर चढतो, खालून ठोकले की उतरतो.

माणसाच्या दंडाला न पेलणारे घाव आधी पाणचक्कीने आणि पुढे वाफेने दिले. ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाची वल्हेचाके फिरवणारा प्रचंड दांडा घडवण्याइतका मोठा घण कुणाकडेच नव्हता, म्हणून जेम्स नास्मिथ या ब्रिटिश अभियंत्याने 1839 मध्ये वाफेच्या घणाचे रेखाटन केले आणि 1842 मध्ये त्याचे पेटंट घेतले. जहाजाला शेवटी वल्हेचाकांऐवजी मळसूत्री पंखा बसवल्याने तो दांडा लागलाच नाही, पण घण जगभर गेला. टनावारी लोखंड दाबणारा हा घण अंड्याचे कवच हलकेच फोडण्याइतका आवरता येतो, असे प्रात्यक्षिक तेव्हा दाखवले जाई.

आकारावरून किंवा कामावरून हे नाव आणखी बऱ्याच वस्तूंना मिळाले. मधल्या कानातील तीन हाडांची नावे शाळेत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी शिकवतात. हातोडी कानाच्या पडद्याला चिकटलेली असते आणि त्याची कंपने पुढे देते. बंदुकीचा घोडा इंग्रजीत हॅमरच. पियानोच्या तारांवर पडणारे मऊ हातोडे 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने बसवले. विळा-हातोडा हे शेतकरी आणि कामगारांच्या एकीचे चिन्ह सोव्हिएत झेंड्यावर होते. भारतात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या चिन्हात त्यांच्या जोडीला तारा आहे. मराठी वर्तमानपत्रांत ‘अतिक्रमणांवर हातोडा’ म्हणजे बांधकाम पाडणे; घणाघाती भाषण आणि ऐरणीवरचा प्रश्न हेही लोहाराच्या शाळेतूनच आले.

हातोडाफेकीत मात्र मूळ हत्याराचे नावच उरले आहे. आता ते तारेला बांधलेला धातूचा गोळा आणि मूठ असे असते, पुरुषांसाठी 7.26 किलो, स्त्रियांसाठी 4 किलो. पुरुषांची स्पर्धा 1900 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, स्त्रियांची 2000 पासून. युरी सेदिख याने 1986 मध्ये श्टुटगार्ट येथे 86.74 मीटरचा जागतिक विक्रम केला.