सिल्व्हिया गेली, कागद टेडकडे राहिले

अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ आणि तिचा नवरा, इंग्रज कवी टेड ह्यूज यांचा विषय निघाला की लोक लगेच दोन पार्ट्यांत वाटले जातात, पण मला विचाराल तर भांडणाची खरी मेख वारसाहक्कात आहे.

फेब्रुवारी १९५६ला केंब्रिजमध्ये एका मासिकाच्या पार्टीत दोघं भेटले, तिने त्याच्या गालाला रक्त येईपर्यंत चावा घेतला आणि जूनमध्ये लग्नसुद्धा उरकलं! त्याच्या कविता तीच टाईप करायची, तिनेच अमेरिकेतल्या स्पर्धेला पाठवलेलं बाड जिंकलं आणि १९५७ला त्याचं पहिलं पुस्तक आलं. पुढे इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये घर, दोन लेकरं. लंडनचा फ्लॅट ज्या जोडप्याला दिला त्यातल्या आसिया वेव्हिलशी टेडचं प्रकरण सुरू झालं आणि १९६२च्या ऑक्टोबरात तो घरातून गेला. त्याच महिन्यात पहाटे, मुलं उठायच्या आत, तिने पंचवीसेक कविता लिहिल्या, आज तिचं नाव आहे ते बरंचसं त्यांच्यामुळेच. नैराश्य जुनं होतं, १९५३लाही ती मरता मरता वाचली होती. फेब्रुवारी १९६३मध्ये लंडनला तिने आत्महत्या केली, वय फक्त ३०.

आता मुद्दा असा की घटस्फोट झालेला नव्हता आणि मृत्युपत्र पण नव्हतं, म्हणजे ज्याच्यावर चिडून ती लिहीत होती त्याच्याच ताब्यात सगळं गेलं. 'एरियल' या कवितासंग्रहाचं बाड तिने लावून ठेवलेलं, पहिला शब्द 'प्रेम', शेवटचा 'वसंत'. टेडने डझनभर कविता काढल्या, दुसऱ्या घातल्या, क्रम बदलला, आणि १९६५ला छापलेलं पुस्तक मरणाच्या कवितांवर संपलं. तिचा क्रम वाचकांना मिळाला थेट २००४ला. शेवटची डायरी तर त्याने नष्टच केली, म्हणे मुलांना वाचायला लागू नये. असेलही तसं, पण त्या डायरीत तोही होताच ना.

यॉर्कशायरमधल्या तिच्या थडग्यावरचं 'ह्यूज' लोकांनी परत परत छिन्नीने उडवलं ते यातूनच. तो मात्र जवळजवळ गप्प, १९९८ला तिला उद्देशून लिहिलेल्या ८८ कवितांचं पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी गेला.

२०१७ला तिची मानसोपचार डॉक्टरीणबाईंना लिहिलेली पत्रं उजेडात आली. १९६१ला तिचा गर्भ आपोआप पडला त्याच्या दोन दिवस आधी टेडने मारलं असं त्यात आहे, त्याच्या दुसऱ्या बायकोने ते साफ नाकारलं. ही पत्रं टेडच्या कागदांत नव्हती, डॉक्टरीणबाईंकडे गेलेली होती.