जॉनी एस ‘रशियन रूलेट’ खेळताना गेला होता का?

ऱ्हिदम अँड ब्लूज (आर अँड बी) हा अमेरिकन संगीतप्रकार गाणाऱ्या जॉनी एसचं नाव निघालं की एक गोष्ट हमखास ऐकू येते: नाताळच्या रात्री रंगमंचामागे तो रशियन रूलेट खेळायला बसला आणि हरला. म्हणजे रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोळी, चक्राला फिरकी आणि नशिबाशी पैज. ऐकायला थरारक आहे, पण तिथे हजर असलेल्यांनी सांगितलेली हकीकत वेगळी आहे.

तारीख 25 डिसेंबर 1954, ठिकाण ह्यूस्टनचं सिटी ऑडिटोरियम. मध्यंतरात जॉनी हातातलं .22चं छोटं रिव्हॉल्व्हर मिरवत होता. सोबत दौऱ्यावर असलेल्या गायिका बिग मामा थॉर्नटनने आपल्या जबाबात सांगितलं की, आधी त्याने ते दुसऱ्यांवर रोखलं, मग ‘हे उडत नाही, बघा’ असं दाखवायला स्वतःच्या डोक्याला लावलं आणि गोळी सुटली. तिच्या बँडमधल्या कर्टिस टिलमननेही नंतर असंच सांगितलं: जॉनी प्यायलेला होता आणि हसत होता. पैज नाही, फिरकी नाही. होती ती निव्वळ फुशारकी. तेव्हा तो अवघा 25 वर्षांचा होता.

मेम्फिसच्या या धर्मोपदेशकाच्या मुलाचं पहिलंच गाणं, ‘माय साँग’, 1952 मध्ये आर अँड बी गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत अव्वल ठरलं होतं. ‘प्लेजिंग माय लव्ह’ त्याच्या मृत्यूनंतर, 1955 मध्ये, त्याच यादीत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पण लोकांना आठवतं ते रिव्हॉल्व्हरच.